आपोआप तोलणारा काटा आणि त्याचा मराठी कर्ता

धान्याच्या पेठेत विश्वास बसतो तो काट्यावर. आमच्या वडगाव-बेळगाव भागात पायली-अधोली गेली, शेर-मण गेले, १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम आला. पण घेणाऱ्याची नजर काट्यावरून हलली नाही. म्हणूनच एका मराठी संशोधकाची ओळख व्यापारी बंधूंना करून द्यावीशी वाटते.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ साली मुंबईत झाला. लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा जाहीर केली, ती भिशांनी जिंकली. दुकानाच्या गादीवर न बसलेल्या माणसास दुकानदाराची अडचण इतकी अचूक उमजावी, याचे नवल वाटते.

पुढे लंडनला जाऊन त्यांनी छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे आपली युक्ती सरकारदरबारी उघड करावयाची आणि मोबदल्यात ठराविक मुदतीचा मक्ता मिळवावयाचा. आपल्या देशात आज ही मुदत २० वर्षांची आहे. दूरच्या संगणकांत हिशेब सुरक्षित ठेवण्याच्या युक्तीपासून मातीविना रोपे वाढविण्याच्या मिश्रणापर्यंत हल्ली पेटंटे निघतात, व्यवहार तोच.

परंतु मक्त्याच्या कागदावर यंत्र चालत नाही. त्यास भांडवल लागते, आणि मुदत तर रोज सरत असते. भिशांसाठी दादाभाई नौरोजींनी पैसा घातला, नंतर सर रतन टाटांनी. महायुद्धाच्या काळात टाटांबरोबरचा उद्योग मिटला. भिसे अमेरिकेस गेले आणि तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी पुन्हा कंपनी उभारली. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.