अम्मीच्या खोलीतला पुदिना

जालन्यात बियाण्यांविषयी बोलायला माणूस शोधावा लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे 'महिको' सुरू केली, तेव्हापासून वाण, उगवण हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. मी मात्र बी.ए. झालेला कवी. झाडांशी माझा संबंध प्रतिमेपुरता. तो खरा जुळला अम्मीमुळे.

तिचे चालणे बंद झाले, तेव्हा अंगणातला पुदिना आणि मोगरा तिने खोलीत मागवून घेतला. खिडकीसमोर शेजाऱ्यांचा मजला चढलेला. ऊन येत नाही. पंधरा दिवसांत पुदिन्याच्या काड्या लांबट, पांढुरक्या झाल्या. अम्मी काही बोलली नाही, फक्त कुंडीकडे पाहणे तिने सोडून दिले.

मी बाजारातून झाडांसाठीचा एलईडी दिवा आणला. खोक्यावर १००० वॅट छापलेले. लावताच खोली जांभळी झाली. अम्मी म्हणाली, "बेटा, मेरे कमरे में बारात उतरी क्या?" हसलो खरा, पण रात्री तिला गोळ्या देताना पांढरी कुठली आणि फिकट पिवळी कुठली, हेच मला कळेना. दिवा लगेच बंद केला. पुढे वायरमनने मीटर लावून पाहिले, तर हजार वॅटचा तो दिवा ४५ वॅटच वीज घेत होता.

मग जरा चौकशी केली. पानांतले हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते. म्हणून हे दोन रंग एकत्र करून जांभळे दिवे बनवतात. पण हिरवा प्रकाशही पानांना वाया जात नाही, तो खालच्या थरांपर्यंत पोचतो. पांढऱ्या एलईडीत हे सगळेच रंग असतात. मुळात हा पांढरा दिवा निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊनच होतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणूस राहतो त्या खोलीत पांढराच दिवा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यावरचे 'ल्युमेन' हे आपल्या डोळ्यांचे माप. झाडाचे माप वेगळे: दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाश पडतो ते. मोकळ्या आकाशाखाली भर दुपारी तो सुमारे २००० असतो. मनीप्लँट ५० ते १०० वर तग धरतो, पालेभाजीला १५० ते २५० लागतो. हा आकडा किती अंतरावरचा, हे दुकानदाराला जरूर विचारावे. लहान दिवा एक फुटावरून दोन फुटांवर नेला, की प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो.

सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावतात, ती गोष्ट निराळी. तिथे प्रकाश म्हणजे घड्याळ. दिवस मोठा झाला, असे झाडाला भासवायचे, म्हणजे बिगरहंगामी फुले येतात. तेवढ्याला मंद उजेड पुरतो. आमच्या कुंडीला प्रकाश हवा होता तो अन्न म्हणून.

शेवटी खरोखर २० वॅट घेणारा पांढरा दिवा पुदिन्यावर फूटभर उंचीवर टांगला. टायमर लावून सकाळी ६ ते रात्री ८, असे १४ तास. महिन्याला साडेआठ युनिटच्या आत वीज. जुन्या काड्या काही जाड झाल्या नाहीत. त्या छाटल्या, तेव्हा बुडातून नवे, ठेंगणे फुटवे आले. ते आधी अम्मीलाच दिसले.

मोगऱ्यापुढे मात्र मी हात टेकले. त्याला ऊनच लागते. त्याची कुंडी गच्चीवर गेली, आणि कळ्या तेवढ्या संध्याकाळी वाटीतून खाली येतात.