खजूर, खवले आणि ‘कीड न लागणारी जात’

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, व्हाइटफील्डपासून मारतहळ्ळीपर्यंत, नवी सोसायटी किंवा आयटी पार्क उभा राहिला की फाटकापाशी खजुराची नाहीतर शिंदीची वाढलेली झाडे आणून लावायची पद्धत पडली आहे. ती फळांसाठी नसतात. ऐन पिकण्याच्या दिवसांत पाऊस असल्याने इथे खजूर झाडावर नीट पिकत नाही. झावळ्या हिरव्यागार दिसाव्यात, एवढीच अपेक्षा. त्यामुळे पात्यांवर पांढुरके ठिपके दिसले की नर्सरीवाल्याकडे मागणी जाते : ‘कीड न लागणारी जात द्या.’ या मागणीत बरेच गैरसमज दडलेले असतात.

गैरसमज : झावळीवर पांढरे दिसले म्हणजे खवले कीड.

वस्तुस्थिती : संशयित तीन आहेत. रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात २०१६ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. नारळावर आणि शोभेच्या पामांवर ती पात्याच्या खालच्या बाजूला मेणाची पांढरी वलये काढते, चिकट स्राव गाळते आणि त्यावर काळी बुरशी चढते. दमट हवेत खजुराच्या पात्यांवर ग्रॅफिओला बुरशीचे टणक काळे फोड येतात. राजस्थान-पंजाबच्या खजूर बागांतली पार्लेटोरिया ही खवले कीड मात्र कवचधारी गटातली आहे आणि हा गट चिकटा सोडतच नाही. म्हणजे पाने चिकट झाली असतील, मुंग्या लागल्या असतील, तर गुन्हेगार दुसराच आहे.

ओळखायची सोपी रीत अशी : खवला नखाने उचलावा. खालची मादी जिवंत असेल तर दाबल्यावर रस निघतो. मेलेली असेल तर कोरडा भुगा होतो. कीड मेल्यावरही कवच पात्याला चिकटून राहते, म्हणून नुसत्या पांढरेपणावरून फवारणी फसली की लागू पडली, हे ठरवता येत नाही.

गैरसमज : प्रतिकारक जातीला कीड लागत नाही.

वस्तुस्थिती : लागते, कमी लागते. अभ्यासक पात्याच्या ठरावीक क्षेत्रावरचे खवले मोजतात आणि एकाच भागातल्या जाती शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतात. एखादी जात ‘सहनशील’ ठरते ती या तुलनेत, आणि तेवढ्यापुरती. झावळ्यांची दाटी, सावली, ओलावा आणि झाडाचे वय बदलले की चित्र पालटते. कोवळ्या झाडांना या किडीचा त्रास अधिक होतो. वाळवंटी बागेत मोकळ्या उन्हात निभावलेली जात दोन इमारतींच्या बोळात, रोजच्या तुषारांखाली दाटीने लावली तर तोच निकाल मिळेल याची खात्री नाही.

गैरसमज : चांगल्या जातीचे बी लावले की तेच गुण उतरतात.

वस्तुस्थिती : खजुरात नर-मादी झाडे वेगळी असल्याने प्रत्येक बी हा नवा संकर असतो. कच्छच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या बियांपासून झाडे वाढली. त्यामुळे तिथे फळाचा रंग, आकार, गोडी झाडागणिक बदलते. किडीला तोंड द्यायची ताकदही अशीच बदलते. बरहीसारखी जात जशीच्या तशी हवी असेल तर बुंध्याजवळची फूट किंवा ऊतिसंवर्धित रोप यांखेरीज मार्ग नाही.

गैरसमज : रोगाला दाद न देणारी जात किडीलाही पुरून उरते.

वस्तुस्थिती : मोरोक्को आणि अल्जीरियात बायूद या बुरशीजन्य मररोगाने खजुराची बने ओस पाडली. त्याला न बधणाऱ्या जाती शोधल्या गेल्या, पण मुळांतून शिरणारी बुरशी आणि पात्यातला रस शोषणारा कीटक यांच्याशी झाडाची झुंज वेगवेगळी असते. एकात उत्तीर्ण झालेल्या जातीची दुसरी परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

गैरसमज : जहाल औषध मारले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : कवचाखाली बसलेल्या मादीपर्यंत अंगावर पडणारे औषध क्वचितच पोचते. ते मारते मुख्यतः नुकत्याच बाहेर पडलेल्या, जागा शोधत रांगणाऱ्या पिलांना. आणि सोबत खवले खाणाऱ्या ढालकिड्यांनाही. चिलोकोरस निग्रिटा हा आपल्याकडचा काळा, वाटोळा ढालकिडा त्यांतलाच. नारळावरच्या खवले किडीसाठी १९३० च्या दशकात तो सेशेल्स बेटांवर नेऊन सोडला गेला. अशा मित्रकीटकांवर काम करणारी राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था महादेवपुऱ्याच्याच शहरात, हेब्बाळला आहे.

गैरसमज : जात चांगली निवडली की रोप तपासायची गरज नाही.

वस्तुस्थिती : खवल्यांच्या मादीला पंख नसतात, दूरचा प्रवास ती रोपावर बसूनच करते. १८९० च्या सुमारास पार्लेटोरिया आयात फुटव्यांबरोबर अमेरिकेत पोचली. तिथे तिचा नायनाट झाला तो १९३६ मध्ये, झावळ्या छाटून बुंधे ज्योतीने भाजून काढल्यावर. खजुराचा कोंब खोडाच्या आत खोल असतो, म्हणून झाडे जगली. १९७४ मध्ये हिरवी खवले कीड अशाच फुटव्यांवरून उत्तर सुदानात शिरली. उलट १९२७ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी मोरोक्कोहून आणलेले मेजूल या खजूर जातीचे ११ फुटवे आधी नेवाडात खजूर बागांपासून दूर वाढवले गेले. त्यांतले ९ जगले आणि १९३५ मध्ये, निर्धोक ठरल्यावरच, कॅलिफोर्नियाला रवाना झाले.