‘बाजीराव मस्तानी’ची समीक्षा आणि गोदातीरीची मोहीम

ऐतिहासिक प्रणयकथेवरील चित्रपट प्रदर्शित झाला म्हणजे ‘हे असे घडले होते काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न गैर नाही. तथापि तो कोणत्या प्रसंगी विचारला जातो आणि कोणत्या प्रसंगी विचारावयाचा राहून जातो, हे पाहिले असता समीक्षेचा खरा मानदंड हाती लागतो. संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’ या १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाचे महाराष्ट्रात जे स्वागत झाले, ते या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. बीड जिल्ह्यातील अभ्यासकाला त्यात आणखीही एक कारण आहे. चित्रपटातील बाजीरावांची अखेरची लढाई ज्या मोहिमेवर बेतलेली आहे ती गोदावरीच्या खोऱ्यात झाली. आणि ज्या मुंगी-पैठणच्या परिसरात तिचा तह झाला तो भाग गेवराई तालुक्याला लागूनच आहे.

ही कथा पडद्यावर प्रथमच आली असे नव्हे. १९२५ साली, मूकपटाच्या काळात, नानुभाई देसाई व भालजी पेंढारकर यांनी याच नावाचा चित्रपट काढला होता. भन्साळींच्या चित्रपटाचा आधार मात्र ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही १९७२ सालची कादंबरी होय. म्हणजे प्रेक्षकापुढे येते ती कल्पितावर उभारलेली कल्पित रचना, आणि ऐतिहासिक यथार्थतेचा दावा नसल्याचे निवेदन चित्रपटाच्या आरंभीच येते. अशा निवेदनाची परंपरा फार जुनी आहे. फ्रान्समध्ये मादाम द लाफायेत यांनी १६६२ साली एक लघुकादंबरी लिहिली. तिच्यात शंभर वर्षांपूर्वीच्या धर्मयुद्धांच्या पार्श्वभूमीवर मोंपांसिएच्या राजकन्येची प्रेमकथा रंगविली आहे. घराणे खरे, युद्धे खरी, प्रेमप्रकरण कल्पित. आणि तसे सांगणारी प्रकाशकाची सूचना पुस्तकाच्या आरंभी होती. बेर्त्राँ ताव्हेर्निए यांनी २०१० साली तिच्यावर चित्रपट काढला. आपल्याकडील स्थिती याहून निराळी आहे. बाजीराव, काशीबाई व मस्तानी या तिघांचे परस्परसंबंध कल्पित नाहीत. कल्पित आहे ते त्या संबंधांचे अंतरंग. त्यामुळे निवेदन कितीही स्पष्ट असले तरी नावे आपला अर्थ सोडीत नाहीत.

परीक्षकांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, नेपथ्य यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. भव्यतेच्या अतिरेकाबद्दल काहींनी नाराजीही दाखविली. आरसेमहालातील नृत्य पाहून ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) आठवणे स्वाभाविकच होते. त्रेसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान भन्साळी यांस, तर साहाय्यक अभिनेत्रीचा मान राधाबाईंच्या भूमिकेसाठी तन्वी आझमी यांस मिळाला. येथवर सर्व नेहमीप्रमाणे झाले.

वाद पेटला तो एका गाण्यावरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘पिंगा’ हे गीत प्रसृत झाले. त्यात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचताना दिसतात. पेशवे घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. पुढे प्रदर्शनाच्या दिवशी पुण्यात निदर्शने झाली व एका चित्रपटगृहातील खेळ रद्द करावे लागले. या आक्षेपांची शब्दकळा बारकाईने पाहण्यासारखी आहे. इतिहासविषयक मतभेदात ‘निराधार’, ‘कालविसंगत’, ‘साधनांशी विरोधी’ असे शब्द यावयास हवेत. काशीबाईंना पायाचे दुखणे होते हा मुद्दा त्या जातीचा होता खरा. परंतु भर राहिला तो ‘अवमान’, ‘विटंबना’, ‘प्रतिमा मलिन करणे’ अशा शब्दांवर. हे शब्द पुराव्याच्या नव्हे, मर्यादेच्या क्षेत्रातील आहेत. ‘असे घडले नाही’ या विधानाच्या आड ‘असे घडणे शोभत नाही’ हे दुसरे विधान उभे होते, आणि सारा जोर त्या दुसऱ्याचा होता.

‘पिंगा’ या शब्दाचेच पाहा. मंगळागौरीच्या रात्री फुगडी-झिम्म्याबरोबर खेळला जाणारा हा बायकांचा खेळ. ‘भोवती पिंगा घालणे’ हा वाक्प्रचार त्याच्या फिरण्यावरूनच रूढ झाला. खेळ घरातला, प्रेक्षक बायकाच, आणि खेळणाऱ्या मुख्यतः सवाष्णी. चित्रपटाने या खेळाला लावणीच्या अंगाचे हावभाव व नेसण दिली. आक्षेपकांना बोचले ते नेमके हेच. म्हणजे वाद दोन नृत्यप्रकारांच्या सरमिसळीचा, आणि त्या प्रकारांना चिकटलेल्या सामाजिक श्रेणीचा होता; मंगळागौर कुलीन घरची, लावणी फडावरची. ही गोष्ट उघडपणे बोलली गेली असती तर चर्चा अधिक प्रामाणिक झाली असती. मस्तानीला त्या खेळात स्थान देण्यातला चित्रपटाचा खरा धाडसीपणा, म्हणजे जिला घराने सवाष्ण म्हणून स्वीकारले नाही तिला सवाष्णींच्या खेळात आणणे, हा मात्र या गदारोळात जवळजवळ झाकून गेला. (ज्या नावावरून एवढे वादंग माजले, त्या नावाचे थंड पेय पुण्यात कितीतरी वर्षे आवडीने प्यायले जाते, हेही लक्षात ठेवावे.)

संवादांची भाषा हा दुसरा मुद्दा. पेशव्यांच्या तोंडी उर्दूमिश्रित हिंदी कानांना खटकते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु मराठी ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांतील संस्कृतप्रचुर मराठी ही तरी त्या काळाची बोली कोठे होती? ‘पेशवा’ हा शब्दच फारसी. फडणवीस, सुभेदार, जहागीर, फौज, मोहीम, तह, सनद यांवाचून अठराव्या शतकातील कारभाराचे एक पत्रही पुरे होणे कठीण. मराठवाड्यातील श्रोत्याला, ज्याच्या कानांवर उर्दू पिढ्यानपिढ्या पडत आली आहे, ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

आता ज्या स्थळी प्रश्न विचारावयास हवा होता, त्या स्थळाकडे वळू. चित्रपटाच्या अखेरीस मस्तानीच्या कैदेची वार्ता ऐकून संतप्त झालेले बाजीराव निजामपुत्र नासिरजंगाच्या सैन्यावर एकटेच तुटून पडतात, त्याचा पराभव करतात आणि जबर जखमी होतात. त्याच जखमांनी व भ्रमाच्या झटक्यांत त्यांचा अंत होतो. यातील काळाचा सांधा खोटा नाही. १७४० च्या आरंभी बाजीराव नासिरजंगाशी झुंजत होते आणि त्याच सुमारास मस्तानी पुण्यात कैदेत होती. परंतु पुढचे सर्व निराळे आहे. निजामुल्मुल्काच्या गैरहजेरीत दख्खनचा कारभार पाहणाऱ्या या पुत्राशी चाललेली मोहीम एका शूराच्या एका धावेने संपली नाही. फेब्रुवारी १७४० मध्ये मुंगी-पैठण येथे तह झाला आणि नेमाडातील हंडिया व खरगोण ही ठाणी बाजीरावांस मिळाली. त्यांची व्यवस्था लावण्यास ते उत्तरेकडे गेले. नर्मदाकाठी रावेरखेडी येथे २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे निधन झाले, ते ज्वराने. म्हणजे गोदावरीवरील तहाच्या एका कलमाने त्यांस नर्मदेवर नेले. प्रेमाने व्याकूळ होऊन केलेल्या आत्मघातकी चढाईच्या जागी इतिहासात एक करार, एक कारभारी प्रवास आणि एक ताप आहे.

हा फरक गाण्यातील नृत्यापेक्षा लहान म्हणता येईल काय? नायकाच्या मृत्यूचे कारणच येथे बदलले आहे. तरी त्यावर निदर्शने झाली नाहीत, खेळ बंद पडले नाहीत. कारण उघड आहे. ‘पिंगा’ने पूज्यता दुखावली, नासिरजंगावरील चढाईने ती सुखावली. इतिहासाचा जो विपर्यास गौरवाच्या दिशेने होतो त्यास आपली समीक्षा विपर्यास म्हणत नाही. त्यास ती ‘नाट्यमयता’ म्हणते.

बीडकडून पाहिले असता या मौनाची किंमत अधिक जाणवते. गोदावरी ही या जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या काठावर मराठे व निजाम यांचे संबंध अखंड वैराचे नव्हते. लढाई, तह, चौथाई, पुन्हा लढाई असे ते चालत. मराठ्यांच्या वसुलीचे हक्क निजामाच्या मुलखात चालत आणि एकाच गावावर दोन सत्तांचे अधिकार असत. अशा व्यवस्थेस ‘दुअमल’ म्हणत. शेतकऱ्यास कोणत्या बाजूचा वीर अधिक शूर यापेक्षा या हंगामात वसूल कोणाला द्यावयाचा हा प्रश्न मोठा होता. नासिरजंगाच्या मोहिमेनंतर तेवीस वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे बाजीरावांचे नातू माधवराव यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्यात मारला गेला. दिवाण मराठीभाषक ब्राह्मण होता, एवढ्या एका गोष्टीनेही ‘आपले’ आणि ‘परके’ यांची पडद्यावरील सोपी मांडणी डळमळते. त्या विजयानंतरही बीडचा मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला, आणि तो तेथून सुटला सप्टेंबर १९४८ मध्ये.

त्यामुळे येथील वृद्ध प्रेक्षकाच्या मनात ‘निजाम’ या शब्दाला दोन अर्थ असू शकतात: एक पडद्यावरील शत्रू, आणि दुसरा, ज्याच्या कचेरीत त्याच्या वडिलांनी जमिनीचा दाखला काढला तो राजा. रझाकारांची आठवण या दुसऱ्या अर्थात मिसळलेली आहे, आणि उर्दू शाळेची, मोडक्या कमानीच्या वेशीचीही. पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत यांतील पहिला अर्थच भेटतो. मराठवाड्यात या चित्रपटाचे स्वागत कसे झाले याची नोंद करावयाची तर छापील परीक्षणे पुरेशी नाहीत. ज्यांनी तो बीड, अंबाजोगाई, परळी येथे पाहिला त्यांच्याशी बोलून, ‘निजाम’, ‘राऊ’, ‘पिंगा’ हे शब्द ते कोणत्या अर्थाने वापरतात ते टिपून घ्यावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधिकेस हा विषय योग्य असून क्षेत्रकार्यास एक उन्हाळी सुटी पुरेल.