द्रव्य, समाधान आणि जॉन वेस्ली

ख्रिस्ती धर्मविचाराने संपत्तीला मुळातच पाप ठरवलेले नाही. सावध राहायला सांगितले आहे ते तिच्या लोभापासून. नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ही भूमिका अगदी स्पष्ट दिसते. अन्नवस्त्र मिळाले की माणसाने तेवढ्यावर तृप्त असावे आणि श्रीमंतीचा ध्यास घेणारा मोहाच्या पाशात सापडतो, असे तेथे बजावलेले आहे. मराठी ख्रिस्ती लोक ज्याला चित्तसमाधान म्हणतात ते हेच. ते नाइलाजाने पत्करायचे नसते. विपुलता आणि टंचाई या दोन्हींत सारखेच राहणे आपण शिकलो, असे पौल फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून कळवतो, त्यावरून हे समाधान अभ्यासाने अंगी बाणवावे लागते हे लक्षात येते. मात्र ज्याची मिळकत वर्षागणिक वाढत आहे अशा श्रद्धावंताने हा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचा सर्वांत प्रामाणिक विचार बहुधा अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने केला.

चर्च ऑफ इंग्लंडमधील ज्या धर्मजागृतीतून पुढे मेथडिस्ट पंथ उभा राहिला, तिचे वेस्ली हे प्रमुख प्रवर्तक होत. त्यांचा जन्म 1703 मध्ये एपवर्थ या गावी झाला. त्यांचे वडील तेथील धर्मगुरू होते आणि 1705 मध्ये कर्ज न फिटल्यामुळे त्यांना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले होते. अशा घरात वाढलेल्या माणसाने दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. 1760 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पैशाच्या विनियोगावरील प्रवचनात, शक्य तितके मिळवावे, शक्य तितके वाचवावे आणि शक्य तितके द्यावे, अशी त्रिसूत्री त्यांनी मांडली. यातील पहिल्या सूत्राला त्यांनी कडक मर्यादा घातल्या होत्या: स्वतःची प्रकृती किंवा सदसद्विवेक गहाण टाकून कमवू नये, शेजाऱ्याचे नुकसान करून तर मुळीच नाही, आणि म्हणून दारू गाळून विकण्याचा धंदा त्यांनी निषिद्ध ठरवला. दुसऱ्या सूत्राचा अर्थ साठवण असा नव्हता. जिभेचे चोचले आणि घराचा डामडौल यांवरचा खर्च कापणे एवढाच त्याचा आशय होता. तिसऱ्या सूत्रावाचून पहिली दोन व्यर्थ होत, कारण माणूस धनाचा मालक नसून देवाने नेमलेला कारभारी आहे आणि स्वतःची व कुटुंबाची गरज भागल्यावर उरलेले धन गरिबाचे आहे, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेला आचरणाचा आधार होता. ऑक्सफर्डमधील एका तरुण मेथडिस्टाची हकिकत वेस्लींनी प्रवचनात सांगितली आहे आणि ती त्यांचीच असावी असे मानले जाते: वर्षाला 30 पौंड मिळत असताना त्याने 28 पौंडांत भागवून 2 दान केले, आणि पुढे मिळकत 60, 90, 120 पौंडांवर गेली तरी खर्च मात्र 28 वरच ठेवला. पुस्तकांच्या विक्रीतून वेस्लींच्या हाती पुढे मोठ्या रकमा आल्या, त्याही अशाच वाटल्या गेल्या. 1776 मध्ये अबकारी अधिकाऱ्यांनी चांदीच्या भांड्यांवरील करासाठी विचारणा केली, तेव्हा आपल्याजवळ लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन असे चांदीचे चमचे आहेत, आणि सभोवती इतके लोक भाकरीला महाग असताना आपण आणखी घेणार नाही, असे उत्तर त्यांनी पाठवले.

1746 मध्ये त्यांनी लंडनमध्ये गरजूंसाठी एक कर्जनिधी उभारला. प्रारंभी त्यातून जास्तीत जास्त 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड, तीन महिन्यांत परतफेडीच्या बोलीवर मिळत. पुढे ही मर्यादा वाढली. 1775 मध्ये जेम्स लॅकिंग्टन या चांभारकाम करणाऱ्या तरुणाने अशाच निधीतून 5 पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचे दुकान वाढवले. उधारी पूर्ण बंद ठेवून, पडून राहिलेल्या प्रती घाऊक उचलून त्या स्वस्तात विकल्यामुळे तो लंडनमधील बड्या ग्रंथविक्रेत्यांत गणला जाऊ लागला. परंतु दरम्यान त्याने मेथडिस्टांची संगत सोडली आणि 1791 मध्ये छापलेल्या आत्मचरित्रात त्यांची यथेच्छ टवाळी केली. त्याला पश्चात्ताप झाला, 1804 मध्ये त्याने तो जाहीरपणे छापला आणि मेथडिस्टांसाठी प्रार्थनामंदिरेही बांधून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

लॅकिंग्टनसारख्यांच्या वाटचालीत जे दिसते त्याचे निदान वेस्लींनी 1786 मध्ये लिहिलेल्या एका लेखात केले आहे. धर्मनिष्ठा माणसाला उद्योगी आणि काटकसरी बनवते, उद्योग आणि काटकसर यांतून संपत्ती निपजते, आणि संपत्ती वाढली की गर्व व ऐहिकाची ओढ वाढून मूळ निष्ठाच क्षीण होते. व्यसनी किंवा उधळ्या माणसाला हा धोका नाही. तो नेमका सद्गुणी माणसालाच आहे, आणि म्हणूनच हे निदान इतके अस्वस्थ करते. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने प्रॉटेस्टंट नीती व भांडवलशाही यांचा संबंध तपासताना याच उताऱ्याचा आधार घेतला. मात्र वेस्लींनी त्यावर सांगितलेला उपायही विसरता कामा नये: मिळवणे आणि वाचवणे थांबवायचे नाही, देणे त्याच प्रमाणात वाढवायचे. ऐश्वर्य हीच ईश्वरी कृपेची खूण, असे शिकवणारे आजचे समृद्धीवादी उपदेशक पहिल्या सूत्रावरच थांबतात. वेस्लींचे नाव घेण्याचा अधिकार त्यांना पोहोचत नाही.

आपल्या अनुयायांपैकी अनेकांनी पहिली दोन सूत्रे पाळली, पण तिसरे पाळणारे फार थोडे, अशी खंत वेस्लींनी अखेरच्या वर्षांतील प्रवचनांतून वारंवार व्यक्त केली. 2 मार्च 1791 रोजी त्यांचे निधन झाले. शववाहिनी किंवा घोडागाड्यांचा थाट नको, सहा गरीब माणसांनी आपला देह दफनभूमीत न्यावा आणि त्या प्रत्येकाला एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.