पेरणीआधीच पटावी वाणाची ओळख

कांद्याचे बी नुसते पाहून ते खरिपाच्या वाणाचे की रब्बीच्या, हे मुरलेल्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. ‘भीमा सुपर’ असो वा ‘भीमा शक्ती’, दाणा काळाच. चुकीचे बी पडल्याचे कळते ते शेतात डेंगळे आणि जोडकांदे दिसू लागल्यावर, आणि तेव्हाही दोष बियाण्याचा की हवामानाचा, हा वाद उरतोच. बी शेतात लावून वाण पडताळण्याच्या रूढ पद्धतीलाही जवळजवळ हंगाम लागतो. म्हणूनच बियाण्याचा लॉट विक्रीला येण्याआधी त्याची डीएनए चाचणी व्हायला हवी.

डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो आणि तो किती वेळा येतो, हे वाणागणिक बदलते. अशा अनेक जागा एकत्र वाचल्या की वाणाची ओळख पटते. त्यासाठी कोवळ्या रोपाचे पान पुरते. संकरित बियाण्यातली भेसळही याच चाचणीत उघड होते. उदाहरणार्थ, संकरित टोमॅटोचे बी तयार करताना मादी वाणाच्या फुलातले पुंकेसर हाताने काढतात. ते राहून गेले तर स्वपरागीभवनाचे बी मिसळते. खऱ्या संकरित रोपात आई-बाप दोघांच्या खुणा सापडतात, भेसळीच्या रोपात फक्त आईच्या.

कांद्यात परपरागीभवन होत असल्याने एकाच वाणाची झाडेही हुबेहूब सारखी नसतात, हा आक्षेप रास्त आहे. तिथे निवाडा एका रोपावरून न करता अनेक रोपांत कोणती खूण किती प्रमाणात आढळते, यावरून करावा लागतो. अगदी जवळच्या वाणांसाठी जास्त जागा तपासाव्या लागतात. उगवणशक्ती मात्र डीएनएवरून कळत नाही. ती चाचणी वेगळी हवीच. खर्च आहे, पण तो संपूर्ण लॉटमागे एकदाच येतो.

हे तंत्र कंपन्या शेतकऱ्यांविरुद्ध वापरतील, ही भीती अधिक गंभीर आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. नोंदणीकृत वाणाने सांगितलेली कामगिरी दाखवली नाही, तर भरपाईही मागता येते. तो दावा लढताना डीएनएचा पुरावा शेतकऱ्याच्याच कामी येईल. मात्र डीएनएच्या खुणा जुळवायला वाणाचा मूळ नमुना लागतो. त्यामुळे या नमुन्यांचा संग्रह सार्वजनिक संस्थांकडे असावा आणि त्यात जळगावच्या भरिताच्या वांग्यासारखे शेतकऱ्यांनी जपलेले वाणही असावेत. पिकाची जोखीम शेतकरी उचलतो, तर बियाणे खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यानेच उचलली पाहिजे.