डोकं गरम? पाणी घाला!

मंडळी, आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या. विषय मात्र अगदी घरचा आहे.

आमचं गाव अजिंठा. लेण्यांमुळे नाव सगळ्यांना माहीत, पण गाव लेण्यांपासून वेगळं, घाटाच्या वर आहे. तिथे बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. वर पत्रे, त्यात मे महिना आणि लग्नसराई! मागच्या सुट्टीत घरी गेले तर बाबा डोक्याला हात लावून बसलेले. लग्नाचा व्हिडिओ रेंडर व्हायला लागला की कॉम्प्युटर आधी रडत-रखडत चालायचा आणि मग मध्येच बंद पडायचा. तीन पार्ट्यांचं काम अडकलं होतं, त्यातल्या एकाने तर अॅडव्हान्स परत मागितला होता. "इंजिनिअरिंगला घातलंय ना तुला, मग बघ की!" असं आई म्हणाली. आता काय, इज्जत का सवाल!

मशीन म्हणजे सेकंड-हँड घेतलेला इंटेल कोअर आय-सेव्हन ४७९०के, २०१४ सालचा. पूर्ण कामाला लागला की साधारण ८८ वॅट उष्णता टाकतो. खोलीत ४१ अंश आणि प्रोसेसर ९८ वर. १०० च्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतो. म्हणजे तो बिचारा बिघडला नव्हता, त्याला ताप आला होता!

पहिलं काम फुकटचं केलं. कॅबिनेट उघडून धूळ झटकली, पंख्याची पाती पुसली, प्रोसेसरवरची वाळून पापडी झालेली पेस्ट काढून नवी लावली. तेवढ्यानेच ८ अंश कमी झाले. होस्टेलवाल्यांनो, बहुतेकांचं काम इथेच होईल, पुढचं वाचलं नाही तरी चालेल! पण स्टुडिओचं काम रात्रभर चालतं, त्यामुळे मला अजून हवं होतं.

आता थोडी थिअरी. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१८० जूल लागतात, १ लिटर हवेला जेमतेम सव्वा. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. ८८ वॅटच्या प्रोसेसरवरून मिनिटाला २ लिटर पाणी फिरवलं, तर ते एका फेरीत फक्त ०.६ अंशाने तापतं. पण इथेच सगळे फसतात. पाणी उष्णता संपवत नाही, फक्त दुसरीकडे नेऊन टाकते! रेडिएटर आणि पंख्याने ते पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊच शकत नाही. ४१ च्या खोलीत पाणी ४१ च्या वरच राहणार.

हे मला पुस्तकापेक्षा संभाजीनगरच्या पाणचक्कीत जास्त नीट कळलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून तिथे आणलं, त्याला सुमारे ३०० वर्षं झाली. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात खाली गेलात तर गारवा जाणवतो. छताची उष्णता पाणी घेतं आणि जास्तीचं पाणी खाम नदीकडे वाहून जातं. तेच साचून राहिलं असतं तर दालनही हळूहळू तापलं असतं. गारव्याचं रहस्य पाण्याइतकंच वाहण्यात आहे. मोठी मशिन्सही हेच करतात. १९८५ चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर तर विजेला न जुमानणाऱ्या द्रवात बुडवलेला असायचा, आणि पुण्याच्या आयसरमधला २०१९ चा परम ब्रह्म द्रवानेच थंड होतो.

आता कृती. तांब्याचा वॉटर ब्लॉक आणि दोन पंख्यांचा तांब्याचा रेडिएटर ऑनलाइन मागवला. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाईप गावातच मिळाला. टाकी म्हणून आईची प्लॅस्टिकची बरणी, आणि तिच्यात कूलरचा १८ वॅटचा पंप. जुन्या कॅबिनेटमध्ये बोर्ड आणि छत यांच्यात रेडिएटर मावत नव्हता, म्हणून पंखे आत आणि रेडिएटर छतावर. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. १२० मि.मी. पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मि.मी. असतं, ते दोनदा मोजलं. मग बोर्ड, एसएमपीएस, सगळं बाहेर काढून रिकामा डबा शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे नेला. लोखंडाचा एक बारीक कीस बोर्डवर पडला तरी शॉर्ट होऊ शकतो, म्हणून कापताना आत काही ठेवायचं नाही! भोकांच्या कडा कानशीने घासल्या, आणि पाईप चिरू नये म्हणून त्या कडांवर चिरलेली रबरी नळी बसवली.

पाणी डिस्टिल्ड, गॅरेजमध्ये बॅटरीत घालतात ते. शेजारचा दादा म्हणाला, कूलरच्या टबातलंच फिरव की! त्यात तथ्य आहे, बाष्पीभवनाने ते पाणी खोलीपेक्षा गार असतं. पण आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवरसुद्धा पांढरा थर बसतो, मग ब्लॉकच्या बारीक खाचांचं काय होणार? आणि तांब्यासोबत अॅल्युमिनियमचा भाग जोडू नका, गंज चढतो.

बाबांना त्याच रात्री रेंडर लावायचा होता. मी अडून बसले. बोर्ड बंद ठेवून, खाली वर्तमानपत्र पसरून, फक्त पंप २४ तास चालवायचा. बाबा चिडले, जेवतानाही बोलले नाहीत. पण नवव्या तासाला पेपरवर रुपयाएवढा ओला डाग! एक क्लिप सैल होती, माझीच. घाई केली असती तर तीन लग्नं पाण्यात गेली असती. डाग बघून बाबा म्हणाले, "अजून एक दिवस चालव."

दुसरी चूकही माझीच. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि पंप साध्या प्लगवर. लाईट गेली, कॉम्प्युटर चालू आणि पाणी थांबलेलं! पारा भराभर चढला, पळत जाऊन बंद केला. दुसऱ्याच आठवड्यात १२ व्होल्टचा पंप आणून एसएमपीएसला जोडला. आता दोघं सोबत चालतात, सोबत थांबतात.

निकाल? पूर्ण लोडवर ७६ अंश. तीनही लग्नं वेळेत गेली. खोली मात्र तेवढीच तापायची! बाबा घाम पुसत म्हणाले, "कॉम्प्युटर गार झाला गं, मी नाही झालो." थिअरी बरोबर होती, उष्णता कुठेही गेली नव्हती. शेवटी टेबल खिडकीशी सरकवलं आणि खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावला. पाणचक्कीला जे माहीत होतं ते आम्हाला शेवटी सुचलं. उष्णतेला घराबाहेर जायची वाट ठेवावी लागते.