व्यसन असणं हा गुन्हा?

अमेरिकेतल्या राज्यांचे चमत्कारिक कायदे ऐकले की आपण हसतो. पण कॅलिफोर्नियाचा एक कायदा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अमली पदार्थांचं व्यसन असणं हाच तिथे गुन्हा होता. शिक्षा, किमान ९० दिवस तुरुंग! जवळ माल सापडायला हवा असंही नाही.

लॉस एंजेलिसच्या पोलिसाला रॉबिन्सन नावाच्या माणसाच्या हातावर सुईच्या खुणा दिसल्या. खटला झाला, शिक्षाही झाली.

इथे आपण जरा थांबूया. गुन्ह्याला साधारणपणे दोन गोष्टी लागतात, कृती आणि तिच्यामागचा हेतू. खून करायचं नुसतं मनात आलं म्हणून कोणी खुनी ठरत नाही. हात उचलावा लागतो. मग 'व्यसनी असणं' यात कृती कुठली? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती स्टुअर्ट यांचं म्हणणं असं, की सर्दी झाली म्हणून एक दिवस जरी डांबलं, तरी ती क्रूर शिक्षाच. रॉबिन्सन मात्र निकालाआधीच वारला होता.

मग दारुड्यालाही सोडायचं का? १९६८च्या पॉवेल विरुद्ध टेक्सास खटल्यात तोच बचाव होता. तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. कारण शिक्षा व्यसनाची नव्हती, पिऊन चारचौघांत येण्याची होती. ही रेघ आम्हाला पुरती पटत नाही. ज्याला घरच नाही त्याने जायचं कुठे, हा प्रश्न शिक्षा कायम ठेवणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती व्हाइट यांनाही पडला होता.